हबीबचाचांच्या अटी आणि शर्ती

मुलीच्या लग्नपत्रिकेवर खाली बारीक अक्षरांत ‘अटी व शर्ती लागू’ असं छापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हबीबचाचा मन्सूरी, आमच्या धामणगाव बढ्याचे गादीवाले. ती पत्रिका मीच टाइप केली होती, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही. चाचांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही कुठल्या पावतीवर, पुडक्यावर तसली बारीक अक्षरं दिसली की मी ती पूर्ण वाचते. दुकानात माझ्यामागे रांग लागते, लोक कुरकुरतात, तरी वाचते.

बाजारगल्लीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, असली कामं. शेजारी चाचांचं ‘नूरबी गादी भांडार’. मध्ये फक्त एक पत्रा. पलीकडे पिंजायचं मशीन सुरू झालं की इकडे माझ्या प्रिंटरवर कापसाची लव बसायची. मी ओरडायची, “चाचा, प्रिंटर!” की मशीन बंद व्हायचं आणि चाचा फडकं घेऊन हजर. पुसता पुसता विचारायचे, “काय छापून राह्यली बेटा?”

माणूस उंच, पण पाठीत वाकलेला. भुवयांत कायम कापूस. कुठंही बसण्याआधी ते ती जागा तळहातानं दाबून बघत. एसटीचं सीट, बँकेतली खुर्ची, कोणाच्या घरचा सोफा. दाबत आणि निकाल देत. “काथ्या हाय.” “फोम, तोही दोन नंबर.” एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी तपासायच्या टेबलावर झोपायला सांगितलं, तर आधी टेबल दाबून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, यानंच पेशंट बिमार पडून राह्यले.”

धंद्यात त्यांना एक खोड होती. गिऱ्हाईक गादी पसंत करून उठायला लागलं की हे स्वतःच तिचे दोष सांगायला लागायचे. “घे, पन कोपऱ्यात जुना कापूस हाय थोडासा. मंग म्हनशीन सांगतलं नाही.” सकीनाचाची आतून डोक्याला हात लावायच्या. तरी दुकान चालायचं, कारण गावात सगळ्यांना तो स्वभाव माहीत होता. पुढे गावोगाव फोमच्या गाद्या आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुंडाळून. चाचांचं मशीन दिवसभर बंद राहायला लागलं. माझा प्रिंटर स्वच्छ राहायला लागला आणि मला ते बरं वाटेना.

म्हणून मीच म्हटलं, “चाचा, तुमच्या गाद्या ऑनलाइन टाकू. शहरातले लोक कापसाची गादी शोधून राहिलेत.”

चाचा माझ्या शेजारी खुर्ची दाबून बसले. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात त्यांचं खातं उघडलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वस्तू कोणत्या देशात तयार झाली. मी विचारलं, तर ठामपणे म्हणाले, “लिही, धामणगाव बढे.” मग वस्तूचं वर्णन आलं. ते सांगायला लागले, मी टाइप करायला लागले. “कापसाची गादी. जड हाय. एका मानसाले उचलत नाही. दर महिन्याले उन्हात टाका. उंदरापासून सांभाळा.”

“चाचा, असं वाचून कोण घेईल?”

“मंग?”

मी ते सगळं पुसलं आणि एका दमात लिहिलं: ‘नूरबी गादी. एकदा आडवे व्हाल, तर उठणारच नाही!’

चाचांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं. “बेटा, हे तं मयतीचं वाटते.”

“जाहिरात अशीच असते चाचा.”

“बरं,” ते म्हणाले. “तू शिकेल हायेस.”

ऑर्डरी यायला लागल्या. नाशिक, नागपूर, एक तर थेट पणजीहून. मशीन पुन्हा सुरू झालं, प्रिंटरवर लव बसायला लागली. आम्ही दोघंही खुशीत होतो. आणि मग पोस्टमननं पहिलं रजिस्टर पाकीट आणलं.

ते एका गादी कंपनीच्या वकिलाचं होतं. त्या कंपनीच्या गादीचं नाव आणि चाचांच्या दुकानाचं नाव यांत एका वेलांटीचा फरक होता. मजकूर असा की, आमच्या नोंदणीकृत नावाशी साम्य असलेलं नाव वापरून आपण ग्राहकांची दिशाभूल करीत आहात, ते बंद करून पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्या, नाहीतर कारवाई होईल. मी मराठीत समजावून सांगितलं. नूरबी हे त्यांच्या आईचं नाव. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलं तेव्हा बायकोचं नाव दिलं होतं. आणि नूरबी अजून होत्या. वय चौऱ्याऐंशी, घरात पलंगावर बसून सुपारी कातरायच्या.

बुलढाण्याच्या वानखेडे वकीलबाईंकडे जायचं ठरलं. पण चाचांना तोवर दम निघेना. दुसऱ्याच दिवशी मला घरी बोलावलं. नूरबींसमोर ती नोटीस मला मोठ्यानं वाचायला लावली. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून विचारलं, “मंग मी आता काय नाव लावू?”

“तुमचं नाई अम्मा, दुकानाचं,” चाचा म्हणाले.

“दुकान माह्यावर हाय का मी दुकानावर?”

चाचांनी सांगितलेलं उत्तर मी टाइप केलं. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. ‘मी नूरबी, राहणार धामणगाव बढे. माझं नाव माझ्या बापानं ठेवलं. ते मी कोणत्याही कंपनीकडून घेतलेलं नाही. कंपनीच्या जन्माआधी मी होते, सोबत रेशनकार्ड जोडलं आहे. कंपनीनं माझ्यासारखं नाव ठेवलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी ते खुशाल वापरावं.’ खाली अंगठा. शेजारी चाचांची सही.

वानखेडेबाईंनी ते वाचलं तेव्हा हसू दाबताना त्यांचा चष्मा घसरला. मग त्या एकदम गंभीर झाल्या. “हे पाठवू नका. पण यातलं एक वाक्य फार कामाचं आहे. आधीपासून वापरात असलेलं नाव. दुकानाचा जुना कागद आहे का एखादा?” ग्रामपंचायतीचा वडिलांच्या वेळचा दाखला निघाला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण नाव शाबूत. त्यावर बाईंनी रीतसर उत्तर दिलं. कंपनीकडून पुन्हा काही आलं नाही. चाचांना मात्र चुटपुट लागून राहिली. अम्मानं उदार मनानं दिलेली परवानगी त्या बिचाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही, असं ते म्हणायचे.

दुसरं पाकीट आलं ते ग्राहक आयोगाकडून, आणि ते माझ्यामुळे.

तक्रारदार नितीन नावाचा तरुण, बुलढाण्याचाच. त्याला सकाळी नऊ वाजता खामगावला मुलगी बघायला जायचं होतं. आदल्या दिवशी आमची गादी आली. नितीन तिच्यावर आडवा झाला आणि उठला तो साडेअकराला. खामगावकरांनी तोंडावर सांगितलं, ज्याला स्वतःचं लग्न ठरवायला जाग येत नाही त्याला मुलगी द्यायची नाही. नितीननं तक्रारीत लिहिलं होतं की जाहिरातीत ‘उठणारच नाही’ असा स्पष्ट दावा आहे, म्हणजे विक्रेत्याला धोका ठाऊक होता, तरी कोणतीही सूचना दिली नाही. मागणी होती मानसिक त्रास आणि एक स्थळ गेल्याची भरपाई.

मी तो कागद वाचला. ते वाक्य माझं होतं. मी म्हटलं, “चाचा, मी येते, मी सांगते आयोगाला.”

“तू काऊन सांगशीन? पाटी माही हाय.”

तारखेच्या दिवशी चाचा गादी घेऊन निघाले. वकीलबाईंनी फक्त फोटो आणायला सांगितलं होतं, पण चाचांचं म्हणणं, फोटोवरूनच तर हा सगळा घोळ झाला. एसटीत गादी उभी राहीना, आडवी मावेना. शेवटी ती मागच्या लांब सीटवर ठेवली आणि चाचा दाराशी उभे राहिले. कंडक्टरनं गादीचं तिकीट फाडलं. घाट चढून बुलढाणा येईपर्यंत चार बायका तिच्यावर बसल्या होत्या, त्यातल्या दोघींनी पत्ता विचारून घेतला.

आयोगाच्या व्हरांड्यात भिंतीला लागून आम्ही ती अंथरली. आमची पाळी दुपारनंतर होती. नितीन आला. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. बाकावर जागा नव्हती. थोडा वेळ तो उभा राहिला, मग इकडेतिकडे बघून गादीच्या कडेला टेकला. चाचांनी पाहिलं. फक्त म्हणाले, “पाय वर घे बाबू, काही नाही होत.” तो मागे भिंतीला रेलला. नंतर भिंत सोडून हळूहळू आडवा झाला. फाइल छातीवर.

पुकारा झाला तेव्हा तो गाढ झोपेत होता.

शिपायानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. वानखेडेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “चाचा, शांत बसा. तक्रारदार गैरहजर राहिला तर तक्रार निकालात निघू शकते. झोपू द्या त्याला.” माझ्याही मनात तेच होतं. खोटं कशाला सांगू, मी देवाला हात जोडले की या पोराला पाच मिनिटं जाग येऊ देऊ नको.

चाचांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बाई, एकदा माह्या गादीवर झोपून त्याचं नुकसान झालं. आता डबल करू का?” आणि वाकून त्यांनी नितीनच्या खांद्याला हात लावला. “उठ बाबू. नाव पुकारलं तुह्यं. उठ, नाईतं तुही केस जाईन.”

नितीन दचकून उठला. फाइल पडली, कागद पसरले. ते गोळा करायलाही चाचाच लागले. दोघं तसेच आत गेले. नितीनच्या केसांत कापूस होता.

अध्यक्षांनी उशिराचं कारण विचारलं. नितीन सरळ मुलगा होता. म्हणाला, “झोप लागली.”

“कुठे?”

“विरुद्ध पक्षाच्या गादीवर.”

वानखेडेबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी लेखी उत्तरात चार पानं खर्चून मांडलं होतं की ‘उठणारच नाही’ ही विक्रेत्याची नेहमीची स्तुती आहे, ती कोणी शब्दशः घेत नाही, गादीमुळे असं काही घडत नसतं. ती चार पानं त्या क्षणी संपली. पण नितीनचंही संपलं होतं. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे वस्तू सांगितल्याप्रमाणे आहे. दोष नाही. जाहिरात खोटी नाही. मग तुमची तक्रार नेमकी काय, गादी खरी निघाली ही?” नितीन एवढंच म्हणाला, “साहेब, पण स्थळ गेलं ना.”

ते वाक्य त्यानं इतकं मनापासून म्हटलं की कोणी हसलं नाही.

“हे वाक्य कोणी लिहिलं?” अध्यक्षांनी चाचांना विचारलं. मी मागे उभी राहिले.

“मीच साहेब,” चाचा म्हणाले. “माह्या डोक्यात आलं, मी लिवलं.” मागं वळून मला हातानंच खाली बसवलं.

अध्यक्षांनी तडजोडीसाठी पुढची तारीख दिली. उठताना सहज म्हणावं तसं म्हणाले, “जे विकता त्याच्या मर्यादाही लिहीत जा. लोकांना सगळं आधी सांगितलं की वाद होत नाहीत.”

ते साहेब असं सहज बोलले आणि आमच्या गावाला पुढची तीन वर्षं ते भोवलं. पण आधी नितीनचं सांगते. मधल्या दिवसांत चाचा कोणाला न विचारता खामगावला त्या मुलीच्या घरी गेले. सोबत दुकानाच्या लेटरहेडवर माझ्याकडून टाइप करून घेतलेला दाखला: ‘सदर मुलगा आळशी नाही. गादी चांगली होती. चूक गादीची समजावी.’ मुलीच्या वडिलांनी तो दोनदा वाचला. चहा दिला. म्हणाले, “मुलीचं तं दुसरीकडं जमलं हो भाऊ. पन गादी हाय का तसली?” चाचा दोन गाद्यांची ऑर्डर घेऊन परत आले आणि आठवडाभर ओशाळलेले होते. नितीनला हे कळलं तेव्हा त्यानं तक्रार मागे घेतली. म्हणाला, माझ्यासाठी माझ्या मामानंही एवढं केलं नाही.

त्यानंतर मर्यादा लिहिण्याचं खूळ चाचांच्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही. गादीच्या वर्णनाखाली माझ्याकडून सव्वीस सूचना लिहून घेतल्या. लग्न ठरायचं असेल तर घड्याळाचा गजर लावावा, ही पहिली. परतीच्या मालात एकदा नव्या गादीऐवजी कोणाची तरी फाटकी दुलई आली, तेव्हापासून कुठलंही पुडकं उघडताना ते मला मोबाइल धरून व्हिडिओ काढायला लावायचे. मग घरून आलेला जेवणाचा डबासुद्धा. “हा डबा. झाकन बंद हाय. आता उघडून राह्यलो. वांगे.” सकीनाचाचींनी एकदा ते ऐकलं. “काऊन हो, वांगे वापस करता का?” ती फाटकी दुलई मात्र त्यांनी नवीन कापूस भरून, शिवून, त्या गिऱ्हाइकाला पाठवून दिली. बाजाराच्या नियमात ते कुठंच बसत नव्हतं. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, “कोनाच्या तरी मायची असन.”

दुकानात चहा पाजायचे तेव्हा म्हणायचे, “घे, पन साखर अंदाजानं हाय.” कोणी रस्ता विचारला तर रस्ता सांगून वर, “मी गेलो तवा असा होता.” लोक हसायचे. मग हळूहळू गावातही ती भाषा शिरली. किराणावाला उधार न देता ‘साठा असेपर्यंत’ म्हणायला लागला. आमच्या सरपंचांनी नळाच्या पाण्याची वेळ जाहीर करताना खाली ‘बदलाचा अधिकार राखीव’ असं लिहिलं, आणि गावाला पहिल्यांदा खरी माहिती मिळाली.

मग शबानाचं लग्न आलं. चाचांची एकुलती एक मुलगी, स्थळ जालन्याचं. उर्दू पत्रिका तिकडे छापली, गावातल्या लोकांसाठीची मराठी माझ्याकडे. मजकूर संपल्यावर चाचा म्हणाले, “खाली लिही, अटी.” मी हात जोडले. ऐकले नाहीत. शेवटी लिहिलं: ‘निकाहची वेळ अंदाजे आहे. जेवणातले पदार्थ उपलब्धतेनुसार बदलू शकतात. चपलांची जबाबदारी ज्याची त्याची. दिलेला आहेर परत घेतला जाणार नाही. सर्व वाद बुलढाणा न्यायकक्षेत.’

तिसऱ्या दिवशी नवरदेवाचे वडील सलीमभाई जीप करून आले, सोबत चार बुजुर्ग. पत्रिका कोणीतरी मोबाइलवर पाठवली होती. मी पत्र्याच्या अलीकडून सगळं ऐकत होते.

“हे काय आहे? वाद? लग्नाआधीच वाद?” सलीमभाईंचा आवाज चढला होता. “पोरगी देताय का गादी देताय?”

पलीकडे मशीन बंद होतं. मला वाटलं, मोडलं लग्न. मग चाचांचा आवाज आला, अगदी हळू.

“गादी अनोळखी मानसाच्या घरी जाते, तं मी सव्वीस गोष्टी लिवून देतो सलीमभाई. तिले सांभाळा, भिजू नका देऊ, उन्हात टाका. पोरीच्या टायमाले काहीच न लिवता देऊ? मले दुसरं लिवता येत नाही. जेवढं येते तेवढं लिवलं.”

सकीनाचाचींनी पाणी दिलं, भांड्यांचा आवाज आला. मग सलीमभाई खाकरले. “ते ठीक आहे हबीबभाई. लिहा तुम्ही. पण मग बुलढाणाच का? जालना का नाही?”

“पोरगी बुलढाना जिल्ह्याची हाय.”

“राहणार जालन्यात आहे.”

आणि मग दोन तास, मी खोटं सांगत नाही, दोन घरचे बुजुर्ग लग्नातले वाद कुठल्या कोर्टात चालावेत यावर बसले. बुजुर्गांपैकी एकानं एसटीचं वेळापत्रक विचारलं. दुसरा म्हणाला, देऊळगाव राजा करा, तिथं माझी बहीण आहे. शेवटी चिखलीवर एकमत झालं, दोन्हीकडून जाता येतं म्हणून. मी चिठ्ठ्या छापल्या, ‘बुलढाणा’च्या जागी ‘चिखली’ वाचावे, आणि शबानानं स्वतः बसून त्या दोनशे पत्रिकांवर डकवल्या. डकवताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. लग्न झालं. निकाहला अंदाजे वेळेपेक्षा दीड तास उशीर झाला, पण तक्रार करायला कोणालाच जागा नव्हती. शबाना सुखात आहे. आजवर चिखलीला कोणाला जावं लागलेलं नाही.

पुढे चाचांची छाती भरायला लागली. आयुष्यभर कापूस पिंजला, त्याचंच होतं ते. दुकान पुतण्याकडे दिलं. पण दर पंधरवड्याला ते बुलढाण्याला जाऊन यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, “काम हाय थोडं.” काय काम ते सांगायचे नाहीत. सकीनाचाचींना वाटे दवाखाना असेल.

ते गेले त्याआधीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी केंद्राच्या कामानं बुलढाण्याला गेले होते. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि समोर फलाटावर मला चाचा दिसले. बाकावर बसलेले, गळ्याला मफलर. शेजारी एक बाई, तिशीची, मांडीवर लोणच्याच्या बरण्यांची पिशवी, हातात रजिस्टर पाकीट. ती रडत होती. पलीकडे आणखी दोघं आपापली पाकिटं धरून उभे होते, पाळी असल्यासारखे. मग मला कळलं, आजूबाजूच्या गावांतली ऑनलाइन विकणारी माणसं त्यांना शोधत तिथं येत होती.

“उंद्रीहून आली मी,” ती बाई म्हणत होती. “बरनीवर मी ‘कधीच खराब होत नाही’ लिवलं होतं काका. आता ते म्हनतात जेल होते.”

“जेल नाही होत. पहिले तारीख पाय कागदावरची. मंग कोनं पाठवला ते पाय. इथल्या वकीलबाईचा पत्ता देतो, त्या पैशासाठी अडवत नाहीत.” चाचा पाकिटातला कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मध्येच खोकला आला, कागदावर पडू नये म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

बाईचं रडणं थांबेना. माझी बस सुरू झाली. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण ते मान खाली घालून कागदाच्या अगदी शेवटच्या ओळीवर बोट फिरवत होते. मग त्यांनी बोट थांबवलं आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला.

“रड बाई, रडून घे,” ते म्हणाले. “पन पंधरा दिवसाच्या आत.”